तीन अंशांच्या आत

गुडघा बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी रुग्णालयाच्या मागच्या दाराशी रिक्षा उभी राहते आणि तिच्यातून पेट्या उतरतात. पुण्यातल्या ज्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी हे पाहिलं, तिथला वॉर्डबॉय एकेक पेटी कंबर सावरून उचलत होता. आत जाळीदार ट्रे आणि त्यांत खाचाखाचांमध्ये बसवलेली स्टीलची हत्यारं: लांब सळ्या, फटी पाडलेले चौकोनी ठोकळे, घोट्याला लावायचा चिमटा, वेगवेगळ्या मापांचे खोटे गुडघे. यातलं काहीच रुग्णालयाच्या मालकीचं नाही. इम्प्लांट विकणारी कंपनी हा ‘सेट’ देते, काम झालं की धुऊन परत नेते आणि दुसऱ्या दिवशी तोच सेट सांगलीला किंवा नगरला निघतो.

सेटबरोबर कंपनीचा टेक्निशियन येतो. तिशीचा हा मुलगा निर्जंतुकीकरण विभागाच्या टेबलावर पिना मोजत होता. एक पीन त्याने उजेडात धरली, बोटांत फिरवली आणि बाजूला टाकली. टोक बोथट झालं होतं. “ही घातली तर ठोकळा हलतो. मग सर माझ्यावरच ओरडणार,” तो म्हणाला. बाकीचं सगळं रात्रीतून १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत जाणार होतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘माप’ हा विषय दिला तेव्हा डोळ्यांसमोर आले ते हमरस्त्यावरचे फलक. कोल्हापूरपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत कुठेही जा, ‘रोबोटिक गुडघा प्रत्यारोपण, अचूक’ असं लिहिलेला आणि पांढऱ्या यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभ्या डॉक्टरांचा फोटो असलेला फलक दिसतोच. अचूक म्हणजे किती अचूक, आणि कशाच्या तुलनेत? फलकावर ते नसतं. म्हणून पेट्यांपासून सुरुवात केली.

खुब्यापासून घोट्यापर्यंत

गुडघेबदलात अख्खा सांधा काढत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक साधारण आठ-दहा मिलिमीटर कापून तिथे धातूची टोपी आणि धातूचीच बैठक बसवतात, मध्ये पॉलिथिलीनची चकती. सगळा खेळ त्या कापांचा आहे. ते ज्या कोनात पडतील त्या कोनात माणूस पुढची वीस वर्षं उभा राहणार.

सर्जन ज्या रेषेबद्दल बोलतात ती हाडावर कुठे काढलेली नसते. खुब्याच्या गोळ्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य जोडणारी ही रेषा. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा हा पायाचा ओळंबा. अडचण अशी की मांडीचं हाड स्वतः या रेषेत नसतं. खुब्यापाशी ते बाहेर झुकलेलं असतं, त्यामुळे हाडाची पोकळी आणि ही रेषा यांच्यात बहुतेकांमध्ये पाच ते सात अंशांचा कोन पडतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर खुबा हिरव्या कापडाखाली, मांसाच्या जाड थराआड असतो. दिसतो फक्त उघडलेला गुडघा. जे दिसत नाही त्याच्याशी काटकोन साधून कापायचं आहे.

सर्जन सारखे ‘तीन अंश’ म्हणत असतात, तर त्या तीन अंशांचा हिशेब मांडून पाहा. नडगीच्या माथ्याची रुंदी सत्तर मिलिमीटर धरली, तर एक अंश म्हणजे एका कडेला सव्वा मिलिमीटरचा फरक. तीन अंश म्हणजे पावणेचार मिलिमीटर. घोट्यापाशी पोचेपर्यंत तोच फरक दोन सेंटिमीटरचा होतो. १९९१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११५ गुडघे तपासले होते. ज्यांची रेषा तीन अंशांच्या आत होती त्यांतले ३ टक्के सैल झाले, बाहेरच्यांतले २४ टक्के. या एका निबंधाने पुढच्या पिढीच्या डोक्यात तीन अंशांची लक्ष्मणरेषा आखली.

सव्वा मिलिमीटरची फट

सकाळी टेबलावर होत्या साताऱ्याकडच्या एक आजी. पाय फेंगडे, चालताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी मावेल इतके. कमरेखाली भूल दिलेली, त्या अर्धवट जाग्या. “आजी, ठोकल्याचा आवाज येईल हं, घाबरायचं नाही,” भूलतज्ज्ञ कानाशी वाकून म्हणाल्या. आजींनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.

गुडघा उघडल्यावर सर्जननी मांडीच्या हाडाच्या टोकाला मधोमध भोक पाडलं आणि त्यातून लांब सळई हळूहळू आत सरकवली. सळई हाडाच्या पोकळीचा कल सांगते. तिच्यावर जो ठोकळा चढतो, जिग, त्यावर अंशांचे आकडे कोरलेले असतात. आकडा लावायचा, ठोकळा हाडाला टेकवायचा, पिना ठोकायच्या, सळई काढून घ्यायची आणि ठोकळ्याच्या फटीतून करवतीचं पातं घालायचं. पात्याची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि फट त्याहून केसभर रुंद. वापरून वापरून फट झिजली की पातं तिच्यात हलायला लागतं. आदल्या रात्री टेक्निशियन फटींमध्ये बोट फिरवून काय पाहत होता ते तेव्हा कळलं.

सत्तरच्या दशकात असे नीट ठोकळे फारसे नव्हते. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा आणला. आजचे बहुतेक गुडघे त्याचेच वंशज. त्या काळी बरंच काम नजरेच्या अंदाजाने चाले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इम्प्लांट जितका सुधारला तितकीच त्याच्यासोबतची हत्यारांची पेटीही सुधारली, आणि माझ्या मते गुडघेबदल मोजक्या उस्तादांच्या हातून सुटून जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचला तो पेटीमुळे. हेच राणावत २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्यासाठी आले, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत हे ऑपरेशन ठाऊक झालं.

टेबलावर मात्र प्रत्येक पायरीला चूक शिरायला जागा असते. सर्जननी सळईवर आकडा लावला तो नेहमीचा पाच किंवा सहा नव्हे, आठ. भिंतीवरच्या लाइटबॉक्सवर आजींची लांब फिल्म होती, खुब्यापासून घोट्यापर्यंतची, उभं करून काढलेली. त्यावर मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला बाकलेलं स्पष्ट दिसत होतं. आपल्याकडे, विशेषतः उशिरा येणाऱ्या फेंगड्या गुडघ्यांत, हा बाक बरेचदा सापडतो. अशा हाडात सळई सरळ बसत नाही. सगळ्यांना सरसकट सहाचा आकडा लावला तर हत्यार चोख आणि काप तिरका, असा प्रकार होतो. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी यांनी अशाच वाकलेल्या गुडघ्यांवर बरंच लिहिलं आहे. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ गुडघा केला तोही आपल्याकडची हाडं डोळ्यांसमोर ठेवूनच.

नडगीची पाळी आली. इथे सळई बाहेरून. घोट्याला चिमटा, नडगीला समांतर दांडा, वर कापायचा ठोकळा. सर्जननी चिमटा घोट्याच्या बरोबर मध्यावर बसवला आणि मग मुद्दाम काही मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवला. घोट्याच्या दोन हाडांचा मध्य आणि सांध्याचा मध्य एक नसतो, सांधा जरा आत असतो. हे पेटीवर कुठे लिहिलेलं नसतं.

करवत सुरू झाली. फेंगड्या पायात वर्षानुवर्षं आतल्या कडेवर भार पडून तिथलं हाड दगडासारखं टणक होतं. पातं मऊ हाडातून सरसर जातं आणि टणक भागाशी आलं की वर वाकून निसटतं. फट ठीक, पिना ठीक, कोन ठीक, तरी आतल्या कडेला मिलिमीटरभर हाड राहून जातं. सर्जननी कापलेल्या पृष्ठभागावर सपाट पट्टी ठेवली, डोळा मिटून कडेने पाहिलं आणि पुन्हा एकदा करवत फिरवली. मग ठोकळ्याला लांब दांडा जोडून तो घोट्याच्या मध्यावर येतो का ते पाहिलं. आला.

टेक्निशियन निर्जंतुक क्षेत्राच्या बाहेर, हातात लेझर पॉइंटर घेऊन उभा होता. पुढचं हत्यार कोणतं ते तो ट्रेवर लाल ठिपका टाकून सिस्टरना दाखवत होता. सिस्टर आज या कंपनीचा सेट, उद्या त्या कंपनीचा सेट हाताळतात, सगळ्यांच्या खाचा त्यांच्या लक्षात कशा राहणार? खोटा गुडघा बसवून ट्रायल झाली. सर्जननी पाय दुमडला, सरळ केला, दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. आतली बाजू घट्ट होती. आक्रसलेला अस्थिबंध थोडा थोडा सोडवत गेले तेव्हा कुठे दोन्हीकडची फट सारखी झाली. इथे जिग नव्हता, फक्त तळहात होता.

“फीमर डावा, साइज दोन,” टेक्निशियनने मांडीच्या टोपीच्या डबीवरचं लेबल मोठ्याने वाचलं. सिस्टरनी पुन्हा वाचलं. सर्जननी मान डोलावल्यावरच डबी फुटली. लेबलचे स्टिकर आजींच्या फाइलला चिकटले. मग सिमेंट. हे सिमेंट खोलीच्या तापमानाप्रमाणे गोठतं, खोली गार असली तर वेळ मिळतो, गरम असली तर घाई. वाडग्यात ते तारा सोडेनासं झालं की बोलणं थांबतं. बैठक एका कडेने आधी दाबली गेली आणि सिमेंटचा थर एकीकडे जाड झाला, तर तासाभराचं कोनांचं काम शेवटच्या दोन मिनिटांत जातं.

खुबा शोधणारा कॅमेरा

न दिसणाऱ्या खुब्याचा मध्य शोधायची एक सुंदर युक्ती १९९७ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात डॉमिनिक सारागाग्लिया यांनी ऑपरेशनच्या टेबलावर वापरली. संगणकाच्या मार्गदर्शनाने झालेला तो पहिला गुडघेबदल. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणा लावायच्या आणि समोर इन्फ्रारेड कॅमेरा ठेवायचा. आज या खुणा म्हणजे बहुधा चकचकीत गोळे असतात. मग सर्जन पाय हळूहळू गोल फिरवतो. खुबा जागचा हलत नाही, म्हणून मांडीवरच्या खुणा ज्या गोलाच्या पृष्ठभागावर फिरतात त्याचा मध्य म्हणजे खुब्याचा मध्य. खुब्याला चीर नाही, क्ष-किरण नाही. घोट्याच्या हाडांवर टोकदार पॉइंटर टेकवून त्याचा मध्य. ओळंबा पडद्यावर तयार.

याची खरी करामत अशी की पोकळीत सळई घालावीच लागत नाही, मग हाड कितीही बाकलेलं असो. जुना अपघात होऊन मांडीत आधीच पट्टी-स्क्रू असले तर हा मोठाच आधार. आणि काप घेतल्यावर त्यावर पट्टी ठेवली की पडदा अर्ध्या अंशापर्यंत सांगतो, काय मागितलं होतं आणि काय मिळालं. पातं निसटलं तर लगेच कळतं. जिगला ते कळत नाही.

दुसऱ्या एका रुग्णालयात हे यंत्र चालताना पाहिलं. गोळ्यावर रक्ताचा थेंब उडाला की पडद्यावरची आकृती नाहीशी होई. सहायक मध्ये वाकला की सर्जन म्हणत, “अरे, कॅमेऱ्याच्या वाटेतून हो ना बाजूला!” सर्वांत मोठी भीती पिनांची. एखाद्याचं कोपर लागून पीन जराशी जरी हलली तरी यंत्राला वाटतं हाडच हलवलंय. आकडे तसेच छान दिसत राहतात आणि सगळे खोटे असतात. म्हणून हाडावर एक ठरलेला बिंदू ठेवतात आणि मधूनमधून पॉइंटर त्यावर टेकवून यंत्राचीच परीक्षा घेतात.

मधल्या काळात आणखी एक वाट निघाली होती. आधीच स्कॅन काढायचा आणि त्या रुग्णाच्या हाडावर नेमका बसेल असा प्लॅस्टिकचा जिग छापून आणायचा. दंतवैद्य जबड्यात इम्प्लांट बसवताना असे साचे सर्रास वापरतात आणि तिथे ते रुळले. गुडघ्यात मात्र साचा छापून येईपर्यंतचा वेळ, खर्च आणि साध्या जिगच्या तुलनेत मिळणारा थोडासा फायदा यांचं गणित अनेकांना जुळलं नाही.

ट्रिगर सर्जनच्या हातात

रोबोट एकटा उभा राहून ऑपरेशन करतो, असं मला भेटलेल्या निम्म्याअधिक रुग्णांना वाटत होतं. फलकांवरच्या फोटोंनी तो समज घालवण्याचे कष्ट घेतलेले नाहीत.

प्रत्यक्षात यंत्रं तऱ्हेतऱ्हेची आहेत. काही फक्त कापायचा ठोकळा योग्य जागी आणून धरतात, करवत माणसाचीच. काहींमध्ये हातात धरायचा छोटा कटर असतो, आखलेल्या हद्दीबाहेर गेला की तो थांबतो. जास्त बोलबाला आहे तो करवत धरणाऱ्या यांत्रिक हाताचा. सर्जन तो हात धरतो, ट्रिगर दाबतो आणि कापतो. आधीच्या सीटी स्कॅनवरून ठरवलेल्या प्रतलाबाहेर पातं नेऊ लागला की हात अडतो. मला ऑपरेशन नसताना, प्लॅस्टिकच्या हाडावर तो धरू दिला. एका दिशेला लोण्यासारखा सरकतो आणि मग अदृश्य भिंत लागते. रेटून पाहिलं तरी ढिम्म. हाड स्वतः कापणारं यंत्रही जुनंच आहे. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोत १९९२ साली ‘रोबोडॉक’ने माणसाच्या खुब्यावर काम केलं होतं.

प्रत्यक्ष ऑपरेशनच्या वेळी कोपऱ्यात संगणकापाशी कंपनीची इंजिनिअर मुलगी बसलेली. सर्जन पाय दाबून धरत, ती दोन्हीकडच्या फटींचे मिलिमीटरमधले आकडे वाचे. “सर, आत पंधरा, बाहेर अठरा.” सर्जन नडगीबद्दल म्हणत, “टिबिया एक अंश आत झुकव. आता?” पडद्यावरचा इम्प्लांट सरके आणि आकडे बदलत. अजून एक मिलिमीटरही कापलेलं नसताना कापल्यावर काय होईल ते समोर दिसत होतं. साताऱ्याच्या आजींच्या वेळी तळहाताने जे जाणवलं होतं त्याला इथे संख्या मिळाली. मला विचाराल तर रोबोटची खरी कमाई ही आहे.

मग फलक खरं बोलतात का? काप ठरवल्याप्रमाणे पडण्याच्या बाबतीत, हो. तीन अंशांबाहेर गेलेल्या गुडघ्यांचं प्रमाण संगणक आणि रोबोट वापरल्यावर कमी होतं, यावर फारसा वाद राहिलेला नाही. रुग्णाला पुढे जास्त बरं वाटतं का, हा प्रश्न वेगळा. दक्षिण कोरियातल्या सर्जननी हजाराहून जास्त रुग्णांना दोन गटांत वाटून, रोबोडॉकने केलेले आणि साध्या जिगने केलेले गुडघे किमान दहा वर्षं पाहिले आणि २०२० साली निष्कर्ष छापला: चालणं, वेदना, गुडघा टिकणं, कशातच लक्षणीय फरक नाही. हात एका अनुभवी सर्जनचा होता आणि यंत्र जुन्या पिढीचं, हेही खरं. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद होते. तिच्यातून २०१५ साली दिसलं की पासष्टच्या आतल्या रुग्णांमध्ये संगणकाच्या मार्गदर्शनाने बसवलेले गुडघे पुन्हा बदलण्याची वेळ कमी आली. जो गुडघा जास्त वर्षं आणि जास्त वापरला जाणार, त्यात कोन जपल्याचं फळ दिसतं, असा त्याचा अर्थ मी लावतो.

नेम कशावर धरायचा?

यंत्रं अर्ध्या अंशापर्यंत पोचली आणि नेमका त्याच सुमाराला सर्जनमध्ये वाद पेटला की मुळात शून्य अंश, म्हणजे अगदी सरळ ओळंबा, हे लक्ष्यच बरोबर आहे का.

२०१० साली मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. तीन अंशांच्या आतले आणि बाहेरचे यांच्या टिकण्यात फरक सापडला नाही. १९९१ च्या लक्ष्मणरेषेला हा जबर धक्का होता. दोन वर्षांनी बेल्जियमच्या योहान बेलेमान्स यांनी विशीतल्या २५० धडधाकट मुलामुलींचे पाय मोजले. ३२ टक्के मुलगे आणि १७ टक्के मुली मूळ ठेवणीनेच तीन अंश किंवा त्याहून जास्त फेंगडे निघाले. तारुण्यात ज्याचा पाय तीन अंश वाकडा होता आणि त्यावर तो मजेत पळत होता, त्याला साठाव्या वर्षी शून्यावर आणायचं कशासाठी? कॅलिफोर्नियाचे स्टीफन हॉवेल यांच्यासारखे सर्जन म्हणतात, सांधा झिजण्याआधी जसा होता तसाच तो परत बसवा. समोरची बाजू विचारते, फेंगड्या ठेवणीत आतल्या कडेवर जास्त भार पडूनच तो झिजला असेल तर तोच दोष पुन्हा कोरायचा का?

पुण्यातल्या सर्जननी मला सांगितलं की ते आता अधलीमधली वाट धरतात, एक-दोन अंश मूळ ठेवणीकडे झुकतात, पण तीनच्या पलीकडे जात नाहीत. “जिग वापरतो तेव्हा मी हे बोलतही नाही. दोन अंश मुद्दाम ठेवले म्हणायचं आणि हत्यारातच दोन अंशांचं इकडेतिकडे होणार! हा वाद करायचा हक्क यंत्राने दिलाय.” गुडघा बदललेल्या दर पाच जणांत साधारण एक जण पूर्ण समाधानी नसतो, हे सर्वेक्षणांत वारंवार दिसतं. त्या एकाचं काय बिनसतं याचं उत्तर कोनात असेल, अस्थिबंधांत असेल किंवा मांडी घालून बसायच्या अपेक्षेतही असेल.

तालुक्याच्या गावी

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लादली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा सरासरी एक लाख ५८ हजारांच्या आसपास विकला जाई, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. इम्प्लांटचा भाव बांधला गेला, पण यंत्राच्या वापराचा आकार त्या आदेशाच्या कक्षेत नव्हता. रोबोटसाठी वेगळे पैसे लागतात आणि ते रुग्णालयागणिक बदलतात. कोट्यवधींचं यंत्र घेतलं की ते चालवावंही लागतं. फलक कशासाठी लागतात, हे यात आलंच.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांकडे यातलं काही नाही. पेट्या पुण्याहून येतात, टेक्निशियन पहाटेच्या गाडीने. आठवड्याला दोन-तीन गुडघे. ओपीडी संपल्यावर त्यांनी टेबलावर फिल्म पसरल्या. बहुतेक नुसत्या गुडघ्याच्या, हातभर लांबीच्या.

“यात मला खुबा दिसत नाही, घोटा दिसत नाही. मांडीला बाक आहे की नाही हे कशावरून ठरवू? मग जिगवर सहा लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं,” ते म्हणाले. लांब फिल्मसाठी ते रुग्णाला सोलापूरला पाठवतात. निम्मे जात नाहीत, एका फिल्मसाठी मुलाची दिवसाची मजुरी बुडते. गेलेल्यांतही काही जण पाऊल बाहेर वळवून उभे राहतात, मग कोन चुकीचा वाचला जातो आणि फेरी फुकट. गुडघ्याची वाटी समोर आहे ना हे बघणारा तंत्रज्ञ हवा, अशी चिठ्ठी ते आता प्रत्येकाच्या हातात देतात.

रोबोट कंपनीचा माणूस त्यांच्याकडेही येऊन गेला होता. हप्त्यांची योजना घेऊन. मी विचारलं, काय सांगितलंत?

“म्हटलं, आधी मला गावातल्या एक्स-रेवाल्याकडे तीन प्लेटा जोडून लांब फिल्म करणारं सॉफ्टवेअर बसवून दे. ते झालं की मग बोलू.”

सॉफ्टवेअर अजून बसलेलं नाही. एक्स-रेवाला म्हणतो, डॉक्टर महिन्याला किती पेशंट पाठवणार ते आधी लिहून द्या.